हरपलेला ध्वनी आणि त्याची पुनःप्राप्ती: जव्हार-मोखाड्यातील एका हार्ड डिस्कच्या निमित्ताने

बोलींचे क्षेत्रीय सर्वेक्षण कसे करावे, प्रश्नावली कशी बांधावी, निवेदक कोणत्या वयाचा व कोणत्या पाड्यावरचा निवडावा, ह्यांविषयी आपल्या विभागात पुष्कळ चर्चा होते आणि ती व्हावयासच हवी. परंतु जमविलेली सामग्री ज्या वस्तूवर साठविली जाते ती वस्तू चालते कशी आणि बिघडते कशी, हा विषय मात्र तंत्रज्ञांचा म्हणून आपण सोडून देतो. प्रस्तुत लेखकाची वृत्ती जुलै २०१८ पर्यंत अशीच होती. त्या महिन्यात जे घडले त्यातून हा लेख निर्माण झाला आहे. ह्यातील विवेचन अभियंत्याचे नसून भाषेच्या अभ्यासकाचे आहे. तथापि ह्या दोन्ही शास्त्रांचे नाते वाटते त्यापेक्षा जवळचे आहे, असे पुढे दिसून येईल.

पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा हे दोन तालुके (१ ऑगस्ट २०१४ पूर्वी हे ठाणे जिल्ह्यात मोडत) बोलींच्या दृष्टीने अतिशय समृद्ध आहेत. वारली, कोकणा, ठाकर, कातकरी, महादेव कोळी, मल्हार कोळी अशा अनेक समाजांचे पाडे येथे एकमेकांस लागून आहेत. ग्रिअर्सनने भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात, म्हणजे १९०५ मध्ये, वारलीचे नमुने छापले. त्यानंतर ह्या भागात अभ्यासक येत राहिले आहेत. परंतु येथे काम करावयाचे तर ऋतुचक्र सांभाळावे लागते. दिवाळीनंतर भात, नागली, वरई घरात आली की अनेक कुटुंबे भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. गावात म्हातारी माणसे व काही मुले तेवढी उरतात. पावसाळ्यात सारे जण परततात, पण दिवसभर आवणी चालते. म्हणून पावसाळ्यातील संध्याकाळ, चूल पेटल्यानंतरचे दोन तास, हाच ध्वनिमुद्रणाचा काळ. नेमक्या त्याच वेळी वीज जाते, आणि हवेतील ओल अशी की वहीचे कागद सकाळी फुगलेले असतात.

२०१७ व २०१८ ह्या दोन वर्षांत मिळून आमच्याजवळ एकेचाळीस तासांचे ध्वनिमुद्रण जमले होते. त्यात शब्दसूची आणि वाक्ये तर होतीच. पण त्यांहून मोलाच्या दोन गोष्टी होत्या. एक, वारल्यांच्या लग्नविधीत गाणे म्हणून तो विधी चालविणाऱ्या एका वृद्ध धवलेरीने गायिलेली गाणी. आणि दुसरी, घांगळीच्या साथीवर एका भगताने सांगितलेली कणसरीची कथा. धवलेरी २०१८ च्या उन्हाळ्यात वारली. ही गाणी पुन्हा मुद्रित करण्याचा मार्ग त्या दिवशीच बंद झाला.

मुद्रकातील स्मृतिपत्रे, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली मेमरी कार्डे, आमच्याजवळ मोजकीच होती. ती भरली की त्यांतील फाइली लॅपटॉपला जोडलेल्या एका बाह्य हार्ड डिस्कवर उतरवावयाच्या आणि कार्डे पुसून पुन्हा वापरावयाची, असा क्रम होता. दुसरी प्रत शहरात परतल्यावर करू, हे दोन्ही वर्षे मनात होते. जव्हारला उतरलो होतो त्या खोलीत एका रात्री दिवे गेले, अंधारात वायरीला पाय अडकला, आणि फिरत असलेली डिस्क टेबलावरून फरशीवर पडली. उंची अडीच फूट. दिवे आल्यावर ती पुन्हा जोडली तेव्हा तिच्यातून घड्याळाच्या टिकटिकीपेक्षा किंचित जड असा टक्-टक् आवाज येऊ लागला, आणि संगणकाला ती दिसेना.

हा आवाज कशाचा? हार्ड डिस्कच्या बंद पेटीत ॲल्युमिनियमच्या किंवा काचेच्या एक वा अधिक तबकड्या एका आसाभोवती फिरत असतात. त्यांवर कोबाल्टच्या मिश्रधातूचा अत्यंत पातळ चुंबकीय थर असतो. ह्या थरातील सूक्ष्म क्षेत्रांचे चुंबकत्व एका वा दुसऱ्या दिशेस वळवून शून्य आणि एक हे दोन अंक लिहिले जातात. लिहिणारे व वाचणारे हेड एका भुजेच्या टोकाशी असते आणि ते तबकडीला टेकत नाही. तबकडीच्या वेगाने ओढल्या जाणाऱ्या हवेच्या गादीवर ते तरंगते. आजच्या डिस्कमध्ये वाचतेवेळी हे अंतर काही नॅनोमीटर इतकेच उरते. माणसाचा केस साधारणपणे सत्तर ते शंभर मायक्रोमीटर जाडीचा, म्हणजे ह्या अंतराच्या दहा हजारपटींहून जाड. आमची डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेणारी होती, सेकंदाला नव्वद. हिशेब केला तर तबकडीच्या बाहेरच्या कडेचा वेग ताशी साठ किलोमीटरांच्या वर भरतो. जव्हारच्या घाटात एसटी इतक्या वेगाने कधी जात नाही.

अशा स्थितीत धक्का बसला की हेड तबकडीवर आपटते. त्यातून दोन प्रकारची हानी संभवते: हेड निकामी होते, आणि तबकडीवरील थर खरवडला जातो. तबकडीवर ठरावीक अंतराने स्थानदर्शक खुणा लिहिलेल्या असतात व हेड त्या वाचून आपली जागा ओळखते. त्या वाचता न आल्यास भुजा मागे जाऊन पुन्हा प्रयत्न करते, पुन्हा मागे जाते. तो टक्-टक् आवाज हाच. म्हणजे तो बिघाडाचा आवाज नसून बिघडलेल्या यंत्राने वाट शोधण्याचा आवाज आहे, आणि ह्या प्रत्येक प्रयत्नात मोडके हेड तबकडीवरून घासत जाण्याचा धोका असतो. हे ज्ञान लेखकास नंतर झाले. त्या रात्री त्याने डिस्क निदान दहा वेळा काढून घातली.

यांत्रिक बिघाड हा एक प्रकार झाला. डिस्कच्या विद्युत्-पट्टिकेत बिघाड होतो तो वेगळा. वीज जाते-येते तेव्हा दाब एकाएकी वाढून तो होऊ शकतो. तशीच पट्टिका दुसऱ्या डिस्कवरून आणून बसवावी, असे पूर्वी सांगितले जाई आणि फार जुन्या डिस्कांच्या बाबतीत ते चालेही. आता चालत नाही. प्रत्येक डिस्कच्या हेडांचे व तबकड्यांचे गुणधर्म कारखान्यात मोजून त्या विशिष्ट डिस्कपुरते तिच्या पट्टिकेवरील स्मृतीत लिहून ठेवलेले असतात. दोन सख्ख्या बहिणींची बोली एक असली तरी उच्चार एक नसतो, तसेच काहीसे हे. काही बाह्य डिस्कांमध्ये तर जोडणीची पट्टिकाच सर्व मजकूर गुप्तसंकेतात लिहिते. पेटी फोडून आतील डिस्क सरळ संगणकाला जोडली तर तिच्यातून निरर्थक अंक बाहेर पडतात. जव्हारच्या उंचीचा दोष ह्यात काही नाही, हेही सांगून टाकतो, कारण एका विद्यार्थ्याने तशी शंका काढली होती. हवा विरळ झाली की हेडाखालची गादी दुबळी होते हे खरे. परंतु सामान्य डिस्का तीन हजार मीटरपर्यंत चालतील असे उत्पादक सांगतात, आणि जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटरांवर आहे. डिस्क शीतकपाटात ठेवली की चालू होते, हा उपायही ऐकिवात आहे. कोकणपट्टीच्या दमट हवेत तो करणाऱ्याने थंड तबकडीवर पाण्याचे कण जमतील, एवढे ध्यानात घ्यावे.

आता तिसरा प्रकार: यंत्र धडधाकट आहे, पण फाइल पुसली गेली किंवा मांडणी बिघडली. अनेकांना वाटते की फाइल पुसणे म्हणजे पाटीवरचे अक्षर ओल्या फडक्याने पुसणे. वस्तुतः संगणक पुसतो ती अनुक्रमणिकेतील नोंद. आमच्या मुद्रकाच्या कार्डांवर जी जुनी आणि सुटसुटीत पद्धत असते, तीत पुसलेल्या फाइलीच्या नावाचे पहिले अक्षर काढून तेथे २२९ हा अंक लिहिला जातो आणि तिने व्यापलेल्या जागा ‘मोकळ्या’ म्हणून नोंदविल्या जातात. मजकूर जेथे होता तेथेच राहतो, त्या जागी नवे काही लिहिले जाईपर्यंत. मुद्रकात कार्ड ‘फॉरमॅट’ केले तरी बहुधा एवढेच होते. म्हणूनच आमच्या पुसलेल्या कार्डांपैकी जी पुन्हा पूर्ण भरली नव्हती त्यांतून जवळजवळ अडीच तासांचे मुद्रण नंतर परत मिळाले. जे कार्ड पुन्हा भरले होते त्यात जुने काही राहिले नव्हते. लॅपटॉपमध्ये आता सर्रास असते त्या एसएसडीविषयी मात्र असा भरवसा बाळगू नये. तिला फिरता भाग नसतो, म्हणून ती पडल्याने सहसा मरत नाही. परंतु कोणती जागा मोकळी झाली हे संगणक तिला लगेच कळवितो आणि ती आपल्या सवडीने त्या जागा खरोखरच रिकाम्या करते. तिच्यावरून पुसलेले परत मिळणे कठीण.

येथपर्यंतची माहिती कोणत्याही जाणत्या दुरुस्तीकाराकडून मिळू शकेल. भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याचे लक्ष वेधून घेणारी गोष्ट पुढेच आहे. डिस्कवरील मजकूर ४०९६ बाइटांच्या (जुन्या डिस्कांत ५१२ बाइटांच्या) तुकड्यांत, म्हणजे सेक्टरांत, विभागलेला असतो. तबकडीवरील चुंबकीय खुणा इतक्या दाट असतात की निर्दोष डिस्कही त्या प्रत्येक वेळी अचूक वाचू शकत नाही. वाचनात चुका होतात हे गृहीत धरूनच प्रत्येक सेक्टरासोबत काही जादा अंक लिहिलेले असतात व त्यांच्या आधारे चूक शोधून दुरुस्त केली जाते. रिचर्ड हॅमिंग ह्यांनी १९५० मध्ये आणि रीड व सॉलोमन ह्यांनी १९६० मध्ये मांडलेल्या संकेतपद्धतींतून हे शास्त्र वाढले. त्याच्या मुळाशी क्लॉड शॅनन ह्यांचा १९४८ चा सिद्धान्त आहे.

हे जादा अंक म्हणजे काय, ते मराठीच्याच उदाहरणाने समजावून घेता येते. ‘ती मोठी पांढरी गाय आली’ ह्या वाक्यात स्त्रीलिंग किती वेळा सांगितले आहे? सर्वनामात, दोन विशेषणांत आणि क्रियापदात, असे चार वेळा. शिवाय नामाचे लिंग मूळचेच. आशयाच्या दृष्टीने ह्यांतील बहुतेक पुनरुक्ती आहे. परंतु पावसाच्या आवाजात ‘आली’ मधील शेवटचा स्वर ऐकू आला नाही, तरी ऐकणारा तो भरून काढतो, कारण बाकीचे शब्द त्याची ग्वाही देतात. व्याकरणातील अन्वय ही भाषेने स्वतःसाठी केलेली चूक-दुरुस्तीची सोय आहे, असे एका अर्थी म्हणता येईल. सेक्टरातील जादा अंक हेच कार्य गणिती काटेकोरपणाने करतात. दोष थोडा असेल तोवर वापरणाऱ्याला काहीच कळत नाही. तो एका मर्यादेपलीकडे गेला की मात्र डिस्क अंदाजाने काही सांगत नाही. ‘हा सेक्टर वाचता येत नाही’ असे म्हणून ती संपूर्ण ४०९६ बाइट नाकारते. माणूस आणि यंत्र ह्यांत हा एक फरक आहे: निवेदक विसरला तर काही तरी सांगून वेळ मारून नेतो, आणि ते सांगणे अनेकदा विसरण्यापेक्षा घातक ठरते.

४०९६ बाइट म्हणजे किती बोलणे? आमचे मुद्रण सेकंदाला ४८,००० नमुने व प्रत्येक नमुन्यास तीन बाइट ह्या मानाने झालेले होते. सेकंदास १,४४,००० बाइट. म्हणजे एका सेक्टरात सुमारे २८ सहस्रांश सेकंदांचा ध्वनी मावतो. एवढ्याशाने काय बिघडणार, असे वाटेल. परंतु क आणि ख, प आणि फ, त आणि थ ह्यांतील भेद अघोष स्फोटानंतर स्वरकंप सुरू होण्यास लागणाऱ्या वेळेवर अवलंबून असतो, आणि तो वेळ काही दशक सहस्रांश सेकंदांचाच असतो. एक सेक्टर नेमका त्या ठिकाणी गळाला तर तेथे महाप्राण होता की नव्हता हे सांगता येणार नाही. ज्या बोलीतील महाप्राणांच्या लोपाचा आपण अभ्यास करीत आहोत, त्या बोलीच्या बाबतीत ही हानी क्षुल्लक नव्हे.

डिस्क आधी काही सूचना देते काय? देते, पण भरवशाची नाही. डिस्कच आपल्या प्रकृतीची नोंद ठेवते. किती सेक्टर खराब म्हणून बाजूला काढले, किती वाचता येत नाहीत, हे आकडे सहज पाहता येतात. गूगलमधील पिन्हेरो, वेबर व बारोसो ह्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या डिस्कमध्ये तपासणीत पहिला दोष आढळला ती पुढील साठ दिवसांत निकामी होण्याचा संभव निर्दोष डिस्कच्या एकोणचाळीसपट होता. ह्याचीच दुसरी बाजू अशी की निकामी झालेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिकांनी (५६ टक्क्यांहून जास्त) चार प्रमुख लक्षणांपैकी एकही आधी दाखविले नव्हते. त्याच वर्षी कार्नेगी मेलन विद्यापीठातील श्रोडर व गिब्सन ह्यांनीही अशीच एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. उत्पादकांच्या दहा ते पंधरा लाख तासांच्या दाव्यावरून वर्षाला शेकडा एकाहूनही कमी डिस्का बिघडाव्यात. प्रत्यक्षात शेकडा दोन ते चार हे प्रमाण सामान्य होते आणि एके ठिकाणी ते तेरापर्यंत गेले होते. ह्या डिस्का वातानुकूलित दालनांत बसविलेल्या होत्या, पिशवीत घालून खोडाळ्याला नेलेल्या नव्हत्या, हेही ध्यानी घ्यावे.

आमच्या डिस्कची पुढील हकिगत अशी. ती प्रथम एका शहरातील एका दुरुस्तीच्या दुकानात नेली. तेथील तरुणाने चांगल्या हेतूने तिच्यावर मांडणी ‘दुरुस्त’ करणारा प्रोग्राम चालविला. ज्या डिस्कवरून काही परत मिळवावयाचे आहे तिच्यावर काहीही लिहू नये, हा ह्या विद्येतील पहिला नियम. आणि दुरुस्तीचा प्रोग्राम तर लिहितोच. सुदैवाने डिस्क मध्येच बंद पडली. त्यानंतर ती पुनःप्राप्तीचेच काम करणाऱ्या प्रयोगशाळेत गेली. तेथे धूलिरहित दालनात पेटी उघडून त्याच प्रतिरूपाच्या दुसऱ्या डिस्कमधील हेडे तिच्यात बसविण्यात आली. अशा दालनांचे जे मान पूर्वीपासून रूढ आहे त्यानुसार एका घनफूट हवेत अर्ध्या मायक्रोमीटरचे किंवा त्याहून मोठे कण शंभराहून जास्त नसावेत. आपल्या विभागातील हवेत ते लाखांनी असतात. दुकानात उघड्यावर डिस्क उघडून दाखविणाऱ्याचे कौतुक का करू नये, ते ह्यावरून कळेल.

हेडे बदलल्यावर डिस्क ‘चालू’ होते, पण किती वेळ चालेल ते सांगता येत नाही. म्हणून तिच्यावरील फाइली एकेक उघडून पाहण्याचा मोह टाळून तिची सेक्टरश: नक्कल करावयाची असते. ह्याची उत्तम पद्धत अँतोनियो दीआस दीआस ह्यांच्या डीडीरेस्क्यू ह्या मुक्त प्रोग्राममध्ये पाहावयास मिळते. तो पहिल्या फेरीत सहज वाचता येईल तेवढेच उतरून घेतो. अडखळला की तेथे न रेंगाळता पुढे उडी घेतो, आणि कोठे अडलो ह्याचा नकाशा स्वतंत्र फाइलीत ठेवतो. सोपे सर्व हाती आल्यावरच तो अडलेल्या जागांच्या कडा चाचपतो, आणि अगदी शेवटी पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. अशक्त निवेदकाशी काम करताना आपणही हेच करावयास हवे. एका अडलेल्या रूपासाठी त्याला थकवून टाकले तर उरलेली दोनशे वाक्ये हातची जातात.

नकाशा हाती आला तेव्हा एक मौज दिसली. काही फाइलींत खंड ठरावीक अंतराने होते: दर सात-आठ सेकंदांच्या बोलण्यानंतर एक. कारण शोधता ते असे निघाले. डिस्क सेकंदाला सुमारे शंभर मेगाबाइट वाचते व नव्वद फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्यात अकराशे किलोबाइटांच्या आसपास, म्हणजेच सात-आठ सेकंदांचे आमचे मुद्रण. तबकडीवर एके ठिकाणी ओरखडा होता आणि प्रत्येक फेऱ्यात तो एकदा आडवा येत होता. धवलेरीची दोन गाणी ह्या पट्ट्यात सापडली. ती ऐकताना खंड जाणवतो तो ताल चुकल्यासारखा. गाण्याचा स्वतःचा ताल आणि तबकडीचा ताल ह्यांचा मेळ कधीच बसत नाही.

गळालेल्या सेक्टराच्या जागी शून्ये भरावीत, ती जागा सांधू नये, हेही येथे सांगितले पाहिजे. ४०९६ ला तीनाने भागले तर एक उरतो. आमचा प्रत्येक नमुना तीन बाइटांचा असल्यामुळे एक सेक्टर गाळून पुढचा मजकूर मागच्यास जोडला तर तेथून पुढचा प्रत्येक नमुना एका बाइटने सरकतो आणि बोलण्याचे निव्वळ खरखरीत रूपांतर होते. युनिकोडमधील देवनागरी मजकुराचे तसे होत नाही. आपल्या लिपीतील प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ ह्या संकेतात तीन बाइटांचे असते: पहिला बाइट नेहमी २२४, दुसरा १६४ किंवा १६५, आणि तिसऱ्यात ते विशिष्ट चिन्ह. ‘मराठी’ ह्या शब्दाचे पंधरा बाइट होतात, ‘क्ष’ ह्या एका जोडाक्षराचे नऊ. म्हणून अनुक्रमणिका नष्ट झालेल्या डिस्कवर कच्चे अंक चाळत गेले तरी दर तिसऱ्या जागी २२४ दिसू लागला की तेथे मराठी (वा हिंदी, संस्कृत, नेपाळी) मजकूर आहे हे लगेच ओळखू येते. आणि मधले काही गळाले तरी पुढच्या २२४ पासून वाचन पुन्हा सुरळीत सुरू होते. आमची प्रतिलेखने अशीच सापडली. ह्याउलट विभागातील जुनी टंकलिखिते ज्या खाजगी फाँटांच्या संकेतांत आहेत, त्यांचे बाइट सर्वच्या सर्व परत मिळाले, पण त्यांपैकी दोन फाँट आज कोणाजवळ नाहीत. अंक आहेत, अक्षरे नाहीत. हडप्पा लिपीच्या अभ्यासकाची अवस्था आपल्याच प्रबंधांच्या बाबतीत अनुभवणे हा विलक्षण प्रकार आहे.

अनुक्रमणिका गेल्यावर फाइली शोधण्याचा मार्ग म्हणजे त्यांच्या आरंभीच्या ठरावीक खुणा. ध्वनिमुद्रणाच्या वेव्ह फाइलीच्या प्रारंभी तिचा प्रकार, नमुन्यांचे मान व लांबी ह्यांची नोंद असते. क्रिस्तोफ ग्रेनिए ह्यांच्या फोटोरेकसारखे प्रोग्राम अशा खुणा हुडकून तेथून पुढचा मजकूर उचलून देतात. मजकूर मिळतो, नाव व पत्ता मिळत नाही. आमच्या हाती तीनशेहून अधिक फाइली आल्या, त्यांना केवळ क्रमांक होते. कोण बोलत आहे, कोणत्या पाड्यावर, कोणत्या दिवशी, हे सारे फाइलींच्या नावांत होते आणि ती नावे अनुक्रमणिकेबरोबर गेली होती. येथे उपयोगी पडली ती पावसाने फुगलेली, शिसपेनीने लिहिलेली वही. वेळ, निवेदक आणि पहिले वाक्य एवढेच तीत टिपलेले असे; पण तेवढ्यावरून बहुतेक फाइली ओळखल्या गेल्या. ज्या राहिल्या त्या विद्यार्थ्यांनी पुढच्या पावसाळ्यात पाड्यांवर नेऊन ऐकविल्या. एका घरी नातीने आजीचा आवाज पहिल्या खोकल्यावरून ओळखला.

एक प्रश्न नेहमी विचारला जातो: दोन प्रती असत्या आणि दोन्ही बिघडल्या असत्या तर? उत्तर असे की दोहोंतील बिघडलेल्या जागा सहसा एकच नसतात, आणि दोहोंच्या नकाशांवरून एक पूर्ण प्रत जुळविता येते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ ह्या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली तीत सुकथनकरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अवलंबिलेले तत्त्व आठवावे. परस्परांपासून स्वतंत्र असलेल्या परंपरांतील प्रतींची साक्ष महत्त्वाची. एकाच सदोष पोथीवरून उतरविलेल्या दहा पोथ्या म्हणजे एकच साक्षीदार. जी योजना एका ठिकाणी फाइल पुसली की ताबडतोब दुसऱ्या ठिकाणीही पुसते, अशा आपोआप जुळणाऱ्या साठवणीस ‘प्रत’ म्हणणे हा ह्याच जातीचा भ्रम होय. ती पोथी नव्हे, आरसा आहे.

विभागाने आता जो क्रम ठरविला आहे तो साधा आहे. त्या दिवशीचे मुद्रण त्याच रात्री दोन निरनिराळ्या वस्तूंवर उतरविले जाते, त्यांपैकी एक न फिरणारी, म्हणजे पेन ड्राइव्ह. आणि ह्या दोन वस्तू एका पिशवीत प्रवास करीत नाहीत. शहरात पोचून तिसरी प्रत पडताळून पाहिल्याखेरीज कार्ड पुसावयाचे नाही. जालावरील साठवण शहरासाठी ठीक. मोखाड्याच्या अनेक पाड्यांवर फोन लागावा म्हणून टेकाडावर चढावे लागते, तेथे तासाचे पाचशे मेगाबाइट चढविण्याची कल्पना व्यर्थ आहे. आमची एकेचाळीस तासांची सारी सामग्री एकवीस गिगाबाइटांची होती. जी अंगठ्याएवढ्या पेन ड्राइव्हवर मावली असती तिच्यासाठी प्रयोगशाळेचे देयक भरताना लेखकाची जी अवस्था झाली तिचे वर्णन करण्याचे कारण नाही.

एकेचाळीसपैकी सुमारे साडेएकोणचाळीस तास आज उपलब्ध आहेत. कणसरीच्या कथेतील सतरा मिनिटे मिळाली नाहीत. भगताने ती पुढच्या वर्षी आनंदाने पुन्हा सांगितली, परंतु ती दुसरी कथा होती. क्रम वेगळा, दोन प्रसंग नवे, आणि जुन्यातील एक अजिबात नाही. दोन्ही पाठ स्वतंत्र म्हणून जतन केले आहेत, एकाने दुसऱ्यातील खंड भरलेला नाही. क्रमांक २१४ ची फाइल अद्याप ओळखली गेलेली नाही: एक मिनिट चाळीस सेकंद, स्त्रीचा आवाज, मागे पाऊस, बोली बहुधा कोकणा. मोखाडा किंवा जव्हार तालुक्यातील ज्या विद्यार्थ्यांना ती ऐकावयाची असेल त्यांनी विभागाच्या ध्वनिकक्षात यावे.